ताजमहालाच्या नक्षीवरून घडवलेली रंगीत खड्यांची अंगठी रोज वापरता येईल का?

रोज नको, त्या नक्षीचं पदक किंवा कानातले घ्या. ताजमहालातली फुलं पच्चीकारीची आहेत: मकराण्याच्या संगमरवरात खोबण कोरून अकीक, लाजवर्द, पिरोजा यांचे पातळ तुकडे बसवलेले. दागिन्यातही तसंच करतात, आणि एकेक पाकळी घासून जुळवायचं ते काम बघताना मी हरखून जाते. पण मोहस् मापावर (खड्यांचा कठीणपणा मोजायचं माप, आकडा जितका मोठा तितका खडा कठीण) अकीक ७च्या आसपास, लाजवर्द आणि पिरोजा ५ ते ६. धुळीतले वाळूचे कण ७चे, म्हणजे नुसतं पुसतानाही लाजवर्दावर चरे पडू शकतात. पिरोजा सच्छिद्र असतो. तेल, अत्तर शोषून हिरवट पडतो. अंगठीच हवी असेल तर पाकळ्या माणिक-नीलमच्या (९) करून घ्या. पुसायला मऊ, ओलसर कापड. दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन अजिबात नको.