बाळाला ल्युकेमिया झालाय, पण डॉक्टर ‘९० टक्के’ असं का म्हणत नाहीत?

तुमची भाची आठ महिन्यांची, तिला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) निघालाय. जिथे तिथे ‘९० टक्के मुलं बरी होतात’ असं वाचायला मिळतं, मग डॉक्टर इतकं जपून का बोलतात, असं तुम्ही विचारलंय. मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, डॉक्टर नाही. हे ध्यानात ठेवून वाचा.

ते ९० टक्के थोड्या मोठ्या मुलांचे. वर्षाच्या आतल्या बाळाचा आजार फक्त नावानेच तो, वागतो वेगळा. अशा चार बाळांमागे साधारण तिघांच्या रोगपेशींत केएमटीटूए या जनुकाची मोडतोड असते (जुन्या रिपोर्टात एमएलएल लिहिलेलं दिसेल). या पेशी चिवट. केमोने दिसेनाशा होतात आणि काही महिन्यांत परत डोकं वर काढू शकतात. इंटरफँट-०६ या आंतरराष्ट्रीय उपचारात सहा वर्षांनंतरही आजार न उलटलेली बाळं ४६ टक्केच होती. म्हणून आधी विचारा: केएमटीटूएचा रिपोर्ट आला का? तो दोष नसेल तर आशा बरीच वाढते.

असेल, तर ब्लिनाट्युमोमॅबबद्दल विचारा. हे औषध शरीरातल्याच टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) रोगपेशीला नेऊन भिडवतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दोष असलेल्या ३० बाळांना केमोच्या जोडीला त्याचा एक कोर्स दिला. दोन वर्षांनी सुमारे ९३ टक्के बाळं हयात होती, आधी नुसता केमो घेतलेल्या तशाच बाळांत हा आकडा ६६ टक्के होता. बाळं मोजकीच, पण वॉर्डातल्या आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. औषध २८ दिवस शिरेतल्या नळीतून थेंबथेंब अखंड चालतं. ती नळी मध्येच फ्लश करायची (सलाइन ढकलून धुवायची) नसते, आतलं औषध एकदम अंगात जातं. रांगायला लागलेल्या पोराची नळी सांभाळणं म्हणजे काय, ते आईलाच विचारा!

डोक्याला रेडिएशन या वयात शक्यतो टाळतात, मेंदू वाढत असतो. त्याऐवजी पाठीतून मणक्यात औषध देतात.

बहीण स्वतःला दोष देत असेल. तिला सांगा, ही मोडतोड बहुधा गर्भातच झालेली असते; तिच्या खाण्यापिण्याने, दगदगीने नाही.

केमोची औषधं शी-शूमधून उतरतात, तेव्हा डायपर हातमोजे घालूनच बदला. आणि ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉर्डात फोन करून निघा.