‘एटाटिस ५३’ म्हणजे वय ५२ की ५३?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावच्या होली ट्रिनिटी या जुन्या पॅरिश चर्चविषयी ते मराठीत लेख लिहीत आहेत. तेथील भिंतीवर विल्यम शेक्सपिअरचे जे स्मारक आहे, त्यावर मृत्यूचे वर्ष १६१६ आणि त्याखाली लॅटिनमध्ये ‘एटाटिस ५३’ असे कोरलेले आहे. जन्म मात्र सर्वत्र १५६४ सालचा दिला जातो, म्हणजे वजाबाकी ५२ येते. ही कोरणाऱ्याची चूक समजायची का, आणि मराठीत ‘वय ५३’ लिहायचे, ‘वयाच्या ५३ व्या वर्षी’ लिहायचे, की आकडा दुरुस्त करून ५२ लिहायचे, असे त्यांनी विचारले आहे.

कोरणाऱ्याची चूक नाही आणि आकडा दुरुस्त करण्याचेही कारण नाही. ‘वयाच्या ५३ व्या वर्षी’ हेच त्या लॅटिन शब्दांचे नेमके भाषांतर आहे. मात्र आपण आज मराठीत ही शब्दरचना ज्या सैलपणे वापरतो, ती सवय बाजूला ठेवून ती अक्षरशः वाचली, तरच ते नेमके ठरते.

प्रथम मूळ लेख पाहू. स्मारकाच्या फलकावर आधी दोन ओळी लॅटिन पद्याच्या आहेत, मग सहा ओळी इंग्रजी पद्याच्या, आणि अगदी तळाशी उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मृत्यूची नोंद आहे. ती देवनागरीत साधारण अशी होईल: ‘ओबिइट आनो डोमिनी १६१६, एटाटिस ५३, डिए २३ एप्रिल’. जागा वाचवण्यासाठी ‘आनो’ आणि ‘डोमिनी’ हे शब्द संक्षेपाने कोरले आहेत, पण व्याकरण पूर्ण आहे. ‘ओबिइट’ म्हणजे निधन पावला. ‘आनो’ म्हणजे वर्षी. मराठीत जे काम सप्तमीचा ‘ई’ करतो, तेच येथे लॅटिन विभक्ती करते. ‘डोमिनी’ आणि ‘एटाटिस’ ही दोन्ही षष्ठीची रूपे आहेत: प्रभूच्या, वयाच्या. ‘आनो’ हा शब्द एकदाच आला असला, तरी तो दोन्ही षष्ठ्यांना लागू आहे. म्हणून वाक्य होते, ‘प्रभूच्या १६१६ व्या वर्षी, वयाच्या ५३ व्या वर्षी, २३ एप्रिल या दिवशी निधन पावला’. अन्य अनेक स्मारकांवर आणि त्या काळच्या व्यक्तिचित्रांवर ‘आनो एटाटिस सुए’, म्हणजे ‘आपल्या वयाच्या अमुकाव्या वर्षी’, असे पूर्ण रूप सापडते. स्ट्रॅटफर्डचे रूप त्याचाच संक्षेप आहे. जाता जाता सांगावेसे वाटते, की ‘एटाटिस’ ज्या मूळ शब्दापासून आला, तो लॅटिन शब्द आणि आपला ‘आयुस्’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत.

तेव्हा ५३ ही संख्या येथे क्रमवाचक आहे. जन्मल्या दिवसापासून पहिले वर्ष सुरू होते, पहिल्या वाढदिवसाला ते संपते आणि दुसरे लागते. त्रेपन्नावे वर्ष चालू असणे म्हणजे बावन्न वर्षे पूर्ण झालेली असणे.

आता हे हिशेबाला धरून आहे का, ते पाहावे. शेक्सपिअरच्या जन्माची नोंद कोठेही नाही. नोंद आहे ती बाप्तिस्म्याची, आणि ती याच चर्चच्या नोंदवहीत २६ एप्रिल १५६४ या तारखेची आहे. त्याचा जन्मदिवस २३ एप्रिल हा परंपरेने मानला जातो. ५३ व्या वर्षाची नोंद काटेकोर धरली, तर मृत्यूच्या दिवशी, २३ एप्रिल १६१६ रोजी, त्याची ५२ वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत, म्हणजे जन्म २३ एप्रिल १५६४ रोजी किंवा त्याआधी झालेला असला पाहिजे. तो २४ किंवा २५ तारखेला जन्मला असता, तर त्या दिवशी ५२ वे वर्षच चालू असते. याने २३ तारीख सिद्ध होत नाही, कारण २१ किंवा २२ तारीखही यात बसते. पण २३ नंतरच्या तारखा वगळल्या जातात. उलट ‘५३’ म्हणजे ५३ वर्षे पूर्ण असे वाचले, तर जन्म एप्रिल १५६३ किंवा त्याच्याही मागे न्यावा लागतो आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मूल किमान एक वर्षाचे होते असे मानावे लागते. जन्मानंतरच्या पहिल्या रविवारी किंवा सणाच्या दिवशी बाप्तिस्मा करावा, त्याहून लांबवू नये, अशी त्या काळी चर्चची आज्ञा होती. त्यामुळे हे दुसरे वाचन टिकत नाही.

या चर्चचे विशेष असे, की तुलनेसाठी लागणारा पुरावा त्याच जमिनीवर, काही पावलांच्या अंतरात आहे. वेदीसमोर शेक्सपिअर कुटुंबाची थडगी एका रांगेत आहेत. त्यांत त्याच्या नातीचा, एलिझाबेथचा, पती थॉमस नॅश याचे थडगे आहे. त्याच्या शिळेवरचा मजकूर इंग्रजीत आहे आणि त्यात मृत्यूची तारीख ४ एप्रिल १६४७ देऊन ‘एज्ड ५३’ असे म्हटले आहे. आकडा तोच. पण नॅशचा बाप्तिस्मा २० जून १५९३ चा आहे. म्हणजे मृत्यूच्या वेळी त्याची ५३ वर्षे पूर्ण झालेली होती आणि ५४ वे चालू होते. भिंतीवरचे ५३ आणि जमिनीवरचे ५३ यांत असा एका वर्षाचा फरक आहे, आणि तो फरक केवळ ‘एटाटिस’ आणि ‘एज्ड’ या शब्दांतून येतो. शेक्सपिअरची थोरली मुलगी सुझाना हिच्या शिळेवरही इंग्रजी मजकूर आहे: मृत्यू ११ जुलै १६४९, वय ६६. तिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ रोजी झाला होता. पूर्ण वर्षे मोजली, की बरोबर ६६ येतात. इंग्रजी शब्दाने पूर्ण वर्षे, लॅटिन षष्ठीने चालू वर्ष, ही वाटणी या तिन्ही लेखांत पाळलेली आहे.

शेक्सपिअरची पत्नी ॲन हिच्या बाबतीत तर या वाचनावर तिचे जन्मवर्षच अवलंबून आहे. तिच्या थडग्यावरील पितळी पट्टीवर इंग्रजीत लिहिले आहे, की ती ६ ऑगस्ट १६२३ रोजी, वय वर्षे ६७ असताना हे जग सोडून गेली. स्ट्रॅटफर्डची नोंदवही १५५८ पासून सुरू होते आणि ॲनचा जन्म त्याआधीचा आहे, त्यामुळे पडताळण्यासाठी बाप्तिस्म्याची नोंद मिळत नाही. ६७ पूर्ण धरले, तर ती ऑगस्ट १५५५ ते ऑगस्ट १५५६ या काळात जन्मली असे म्हणता येते. नोव्हेंबर १५८२ मध्ये लग्न झाले तेव्हा ती २६ वर्षांची होती आणि वर १८ वर्षांचा, हे जे नेहमी सांगितले जाते, त्यातील २६ हा आकडा या पट्टीवरून काढलेला आहे. कोणी भाषांतरात ‘वयाच्या ६७ व्या वर्षी’ असे लिहिले आणि पुढच्या वाचकाने ते शब्दशः घेतले, तर तिचा जन्म एक वर्ष पुढे सरकेल आणि लग्नाच्या वेळचे वयही बदलेल.

लॅटिनमध्येही पूर्ण वर्षे सांगण्याची सोय आहेच. रोमन काळापासून थडग्यांवर ‘विक्सिट’, म्हणजे ‘जगला’, असे लिहून पुढे वर्षांची संख्या देण्याची पद्धत होती, आणि इंग्लंडमधील चर्चमध्येही ती दिसते. तेथे संख्या गणनावाचक असते: इतकी वर्षे जगला. म्हणून मजकूर लॅटिन दिसला, की लगेच एक वजा करावा असे नाही. आधी क्रियापद आणि विभक्ती पाहावी. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पुढच्या काळात लॅटिनचे ज्ञान पातळ होत गेले, तसे ‘एटाटिस’ हा शब्द ‘वय’ एवढ्याच अर्थाने, पूर्ण वर्षांच्या आकड्यापुढेही, वापरला जाऊ लागला. अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातील स्मारकावर तो दिसला, तर बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये, असे माझे मत आहे.

आता मराठीकडे येतो, कारण प्रश्नाचा खरा कस तेथे लागतो. चालू वर्ष आणि पूर्ण वर्ष हा भेद मराठीला परका नाही. ‘मुलीला पाचवे लागले’ असे घरात म्हणतात, तेव्हा चार पूर्ण झाली हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मुंज आठव्या वर्षी करावी, यात सात पूर्ण होऊन आठवे चालू असणे अभिप्रेत आहे, आणि ‘गर्भाष्टम’ म्हटले, की मोजणी गर्भधारणेपासून होते, हेही परंपरेने स्पष्ट ठेवले आहे. साठ वर्षे पुरी होऊन एकसष्टावे लागताना जो समारंभ होतो, त्याला आपण एकसष्टी म्हणतो. ते नावच लागलेल्या वर्षावरून पडले आहे. आपल्या शिलालेखांच्या अभ्यासात तर शकाचे वर्ष ‘गत’ आहे की ‘वर्तमान’, हा प्रश्न तारीख काढताना प्रथम विचारला जातो. हा सगळा विवेक भाषेत असताना वृत्तपत्रांच्या निधनवार्तांमध्ये मात्र ‘वयाच्या ८० व्या वर्षी निधन’ असा मथळा आणि खाली ‘ते ८० वर्षांचे होते’ असे वाक्य सर्रास एकत्र आढळते. ही दोन्ही विधाने एकाच माणसाविषयी खरी असू शकत नाहीत. ऐंशीव्या वर्षी गेलेला माणूस एकोणऐंशी वर्षांचा असतो. मला या सैलपणाचे मनापासून वाईट वाटते, कारण मराठीकडे दोन अर्थांसाठी दोन स्वच्छ रचना आहेत आणि आपण त्या एकमेकींत मिसळून एक गमावत आहोत.

प्रश्नकर्त्यांच्या लेखापुरते सांगायचे, तर शेक्सपिअरच्या स्मारकासाठी मी ‘वयाचे ५३ वे वर्ष चालू असताना’ असे लिहीन. ‘वयाच्या ५३ व्या वर्षी’ हे शुद्ध असले, तरी आजचा वाचक त्यातून ५३ पूर्ण असाच अर्थ घेण्याची शक्यता मोठी आहे. ‘चालू असताना’ या दोन शब्दांनी तो धोका टळतो. नॅश, सुझाना आणि ॲन यांच्यासाठी ‘वय वर्षे’ लिहून पुढे आकडा द्यावा.

याच लेखात इतर थडग्यांच्या तारखा द्यायच्या असतील, तर वर्षाच्या आरंभाचाही विचार करावा लागेल. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या काळातील मृत्यू आपल्या हिशेबाने एक वर्ष मागे लिहिलेला दिसतो, आणि पुष्कळदा दोन्ही वर्षे मध्ये तिरकी रेघ देऊन लिहिलेली असतात. समजा, एखादा माणूस एप्रिल १६०० मध्ये जन्मला आणि शिळेवर त्याचा मृत्यू फेब्रुवारी १६५०, वय ५० असा कोरला आहे. आजच्या पद्धतीने पाहता पन्नासावा वाढदिवस यायचा आहे आणि वय ४९ असायला हवे, असे वाटेल. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी आपल्या १६५१ मधला आहे आणि ५० हेच बरोबर आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन, म्हणजे त्या काळी इंग्लंडमध्येही चालू असलेल्या जुन्या, पंचांगाची आहे. त्याच दिवशी इंग्लंडमधील एखाद्या चर्चच्या वहीत बाप्तिस्मा नोंदला गेला असेल, तर तेथे तारीख हीच असेल, पण वर्ष १६२९ असेल. आपल्याकडची नोंद शके १५५१ च्या फाल्गुनातील आहे, आणि त्यात नेहमीप्रमाणे ७८ मिळवले, तर तेथेही १६२९ च येते, कारण फाल्गुनापर्यंत इसवी सनाचे वर्ष बदललेले असते. शेक्सपिअरचा बाप्तिस्मा आणि मृत्यू ही दोन्ही एप्रिलमधली असल्यामुळे त्याच्या वयाच्या हिशेबात ही अडचण येत नाही. त्याची धाकटी मुलगी ज्युडिथ हिचे दफन मात्र ९ फेब्रुवारीचे आहे आणि त्या काळच्या गणनेने ते वर्ष १६६१ होते. लेखात तिचा उल्लेख आला, तर ‘९ फेब्रुवारी १६६२, जुन्या गणनेने १६६१’ असे लिहावे.