गुरुजी, खोन्सुहोतेपचं उत्तरही वहीत लिहा

आदरणीय ताई,
मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त मुख्याध्यापक, वय ६४. निवृत्तीनंतर चिरंजीवांनी आम्हा दोघांना इजिप्तची सहल घडवली. तिथं गाइडच्या तोंडून प्राचीन इजिप्तमधल्या प्ताहहोतेप या वजिराचं नाव ऐकलं आणि मला वेडच लागलं. प्ताहहोतेप, आनी, अमेनेमोपे, या तिथल्या जुन्या जाणत्यांच्या उपदेशांची मिळतील तेवढी भाषांतरं वाचून काढली. माणसानं कसं बोलावं, कसं जेवावं, वडीलधाऱ्यांशी कसं वागावं, सगळं त्यांनी हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे. त्याच्यासाठी ही वचनं मराठीत उतरवून दोनशे पानी वही भरत आणली. आनीच्या शेवटी बापलेकाचा वाद आहे तेवढा गाळला, कारण तो मुलगा मला उद्धट वाटला. साखरपुडा झाल्यावर वही मुलाच्या हातात दिली. त्यानं चार पानं चाळली, ‘बाबा, ही माझ्यावरची चार्जशीट आहे’ म्हणाला आणि वही टेबलावर ठेवून पुण्याला निघून गेला. तेव्हापासून त्याचा फोन फक्त आईला येतो. तिकडची मुलं बापापुढं बसून ऐकत होती, आमच्याच नशिबी हे का? वही छापून लग्नात रिटर्न गिफ्ट म्हणून वाटावी असं मनात आहे. चारचौघं वाचतील तेव्हा त्यालाही किंमत कळेल. तीन पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
— एक वडील

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

घाईचं उत्तर आधी देते, कारण प्रेसवाल्याशी बोलणं झालं असेल तर ते थांबवायला हवं. वही छापू नका. तुमचा प्ताहहोतेपच याच्या विरोधात आहे. त्याच्या ३७ वचनांमध्ये मित्राच्या वागण्याबद्दलचं एक आहे, ते पुन्हा काढून बघा. मित्राबद्दल मनात शंका आली तर इतरांकडे चौकशी करत फिरू नकोस, त्यालाच गाठ, दोघंच असताना बोल, असं तो सांगतो. मित्राला एवढं जपायचं, तर पोटच्या मुलाच्या चुका त्याच्याच लग्नात, व्याह्यांच्या आणि सुनेच्या हातात छापून कशा द्यायच्या? त्या दिवशी तो हसून फोटो काढून घेईल, पण ती गोष्ट त्याच्या मनातून जन्मात जायची नाही.

आता तुमची तीन पानं. अक्षर इतकं सुंदर आहे की मी दोनदा वाचली. पण वाचताना मुलाचं म्हणणंही पटत गेलं. वर इजिप्तचं वचन, खाली मुलाची चूक, तीसुद्धा तारखेसकट. ‘वयानं मोठा माणूस उभा असताना बसू नये’ हे आनीचं वचन, आणि खाली ‘दिवाळी २०१९, आत्या उभ्या, तू सोफ्यावर’. दुसऱ्या पानावर प्ताहहोतेपचा जेवणाचा नियम: पुढ्यात वाढलंय तेवढंच घ्यावं, यजमानाकडे टक लावून बघू नये, तो बोलला की बोलावं. त्याखाली ताटावर मोबाइल बघण्याची तक्रार. गुरुजी, तो नियम आपल्यापेक्षा मोठ्या अधिकाऱ्याच्या पंगतीला बसणाऱ्यासाठी आहे. तो हसला की तू हस, असंही त्यातच म्हटलंय. दरबारात चढायचं असणाऱ्या तरुणाला ते ठीक होतं. घरच्या जेवणाला तो लावायचा तर घरात साहेब कोण आणि हाताखालचा कोण, हे आधी ठरवावं लागेल. ताटावर मोबाइल नको हे मलाही मान्य आहे, पण त्यासाठी इजिप्तच्या वजीराला बोलवायची गरज नव्हती.

तिसरं पान वाचून मात्र मला वाईट वाटलं. आनीनं आईबद्दल जे लिहिलंय त्याच्या तोडीचं फार थोडं मी वाचलं आहे. आईनं तुला दिलं त्याच्या दुप्पट अन्न तिला दे. तिनं तुझा भार वाहिला, तसा तू तिचा वाहा. तीन वर्षं तिनं तुला अंगावर पाजलं, तुझ्या घाणीची तिला कधी किळस आली नाही, तू शाळेत लिहायला शिकत होतास तेव्हा रोज घरची भाकरी आणि बिअर घेऊन ती तुझ्याकडे लक्ष ठेवून होती. अशा ओळींच्या खाली तुम्ही लिहिलंत, ‘जून २०२२, आईला चार दिवस फोन नाही.’ आज तुमच्या घरी त्याचा फोन येतो तो आईलाच ना? आणि ज्या सहलीत तुम्हाला हे ग्रंथ सापडले ती सहल ज्या मुलानं घडवली, त्याचं नाव तुमच्या पत्रात एका वाक्यापुरतं आलंय. मी पाहिलेल्या तीन पानांत तर तेही नाही.

तुम्ही विचारता, तिकडची मुलं ऐकत होती, आमच्याच नशिबी हे का? याचं उत्तर तुम्ही गाळलेल्या पानांत आहे. कैरोच्या संग्रहालयातल्या पपायरसवर आनीचा उपदेश संपतो तिथं मुलगा तोंड उघडतो. या प्रकारच्या लिखाणात बाप बोलतो आणि मुलगा बहुतेक गप्प असतो, म्हणून हा शेवट फार मोलाचा आहे. आनीचा हा मुलगा, खोन्सुहोतेप, स्वतः लेखनिक आहे, शिकलेला आहे. तो म्हणतो, मी तुमच्यासारखा ज्ञानी असतो तर किती बरं झालं असतं, मग तुमचं सगळं आचरणात आणलं असतं. पण ज्याची त्याची प्रकृती असते. सद्गुणांची एवढी रास लावू नका. मुलाच्या जिभेवर पुस्तकातली वाक्यं असतात, म्हणून तो तसा वागतोच असं नाही.

यात उद्धट काय आहे? तुम्ही उभी हयात वर्गात काढलीत. तिकडेही असे उपदेश शाळकरी पोरांकडून उतरवून घेत. देर अल-मदीना या कारागिरांच्या वस्तीत चुनखडीच्या कपच्यांवर अशा नकला मिळाल्या आहेत, चुकांसकट. सुविचार फळ्यावर लिहून घेतला म्हणजे तो अंगी उतरला असं होत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार!

आनी काय उत्तर देतो तेही बघा. तो चिडतो. म्हणतो, आमच्या बोलण्यात फालतू काही नाही. माजलेला बैल शिकतो, घोडा साजाला सरावतो, कुत्रा मालकामागून चालतो, माकड काठी धरतं, मग तुला काय झालं? लेकाला त्यानं जनावरांच्या रांगेत बसवलं. त्यावर मुलगा जे म्हणतो ते वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. तुमची ताकद दाखवून मला तुमच्या वाटेवर ओढू नका, हात जरा सैल सोडून समोरच्याचं उत्तर ऐकावं असं माणसाला कधी वाटत नाही का? दुसऱ्याचं उत्तर ऐकून घेतो तेव्हा माणूस देवासारखा होतो. तुमची वचनं उत्तमच आहेत, पण ती पाळायला अंगात गुण लागतात.

वाद मिटत नाही. बाप वाकड्या काठीचा दाखला देतो, सुतार ती सरळ करतो म्हणतो. मुलगा म्हणतो, आईच्या कुशीतल्या बाळाला दूधच हवं असतं. बाप म्हणतो, हो, पण बोलता यायला लागलं की ते भाकरी मागतं. इथं लिखाण संपतं. कोण जिंकलं ते लिहिलेलं नाही, आणि लिहिणाऱ्यानं मुलाची बाजू पुसलीही नाही. तुमच्या मुलानं ‘चार्जशीट’ म्हटलं, खोन्सुहोतेपनं ‘एवढी रास लावू नका’ म्हटलं. तक्रार एकच आहे. म्हणून माझा आग्रह आहे की गाळलेला वाद आता वहीच्या शेवटी उतरवून काढा, मुलाचा शब्द न् शब्द, आणि तुमच्याच सुंदर अक्षरात. हे मुलाला दाखवण्यासाठी नाही. एखादं वाक्य हातानं लिहिताना ते डोळ्यांनी वाचण्यापेक्षा जास्त आत जातं, तुम्हाला ते ठाऊक आहे.

आणि प्ताहहोतेपचं एक वचन खास तुमच्यासाठी. अधिकाराच्या जागी बसलेल्याला तो सांगतो: गाऱ्हाणं घेऊन आलेल्याचं शांतपणे ऐक. त्याच्या पोटातलं सगळं बाहेर येईपर्यंत त्याला थांबवू नकोस. दुःखी माणसाला आपलं काम होण्यापेक्षाही आपलं ऐकलं जाणं हवं असतं. मागितलेलं सगळंच देता येत नाही, पण नीट ऐकून घेतल्यानं जीव शांत होतो. तुम्ही हे ग्रंथ मुलाच्या बाजूनं वाचलेत, लहानांनी काय करावं हे शोधत. त्यांतला मोठा भाग थोरांसाठी आहे, आणि घरात थोर तुम्ही आहात.

वही वाया गेली असं मात्र मुळीच समजू नका. तिच्यात तुम्ही कमी आहात, एवढंच. अमेनेमोपे धान्य आणि जमिनीच्या मोजणीवरचा अधिकारी होता, शेतांच्या हद्दी ठरवणारा. तीस प्रकरणं त्यानं धाकट्या मुलासाठी लिहिली आणि त्यात काय सांगितलं? बांधाचा दगड सरकवू नकोस, मापात खोट ठेवू नकोस, गरिबाच्या नावावर मोठी बाकी निघाली तर तिचे तीन भाग कर, दोन सोडून दे, एकच ठेव. हे त्याच्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून आजही वाचताना खरं वाटतं. प्ताहहोतेपच्या तोंडी घातलेला उपदेशही (पॅरिसमधली त्याची प्रत त्या वजिराच्या राजाच्या, इसेसीच्या, काळानंतर काहीशे वर्षांनी लिहिलेली आहे) सुरू होतो तो स्वतःच्या म्हातारपणापासून. डोळे मंदावले, कान बहिरे झाले, कालचं आठवत नाही, हाडं दुखतात. आधी आपलं दुखणं, मग शिकवण. तुमच्या शाळेत फी थकलेल्या मुलाचं तुम्ही काय केलंत, कुठल्या पुढाऱ्याला नाही म्हणालात, कुठं घाबरलात, हे तुमच्या मुलाला माहीत आहे का? वहीच्या उरलेल्या पानांवर ते लिहा.

सून घरात येणार आहे म्हणून आणखी एक. बायकोला सत्तेपासून लांब ठेव, असं प्ताहहोतेप म्हणतो. ते वहीत उतरवलं असेल तर खोडा, ते तिकडेच राहू द्या. आनीचं मात्र ठळक करा: बायको घर नीट चालवते हे ठाऊक असताना ‘ते कुठंय, आण इकडे’ असे हुकूम तिला सोडू नकोस, वस्तू तिनं जागेवरच ठेवलेली असते, गप्प राहून तिचं कसब बघ. हे तुम्हीही पाळून बघा. साखरपुड्यापासून बापलेकांचे निरोप तुमच्या सौ. इकडून तिकडं वाहताहेत, आणि त्यांना काय वाटतं याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

पुढच्या वेळी आईला फोन आला की हात पुढं करून घ्या. वहीबद्दल सफाई देऊ नका. ‘तू त्या दिवशी म्हणालास ते मला पूर्ण ऐकायचंय, पुण्याला कधी येऊ?’ एवढंच विचारा. गेलात की त्याला बोलू द्या. एखादी गोष्ट झोंबेल, तुमच्याकडे चोख उत्तरही असेल. अमेनेमोपे सांगतो, बोलण्याआधी एक रात्र झोप काढावी. तेव्हा मुक्कामाच्या तयारीनं जा, आणि वही घरी ठेवा.

तुमची,
ताई