गोव्यातून मराठी भजनांचा पहिला अल्बम काढतोय. लोकांपर्यंत कसा पोचवू?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर काढू नका, महिनाभर आधी काढा. एकदा घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवत आरत्या सुरू झाल्या की नवं ऐकायला कुणाला सवड नसते.

स्पॉटिफायच्या संपादकांना प्लेलिस्टसाठी गाणं प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, तेही एका वेळी एकच. म्हणून सगळ्यात जोरकस भजन निवडा आणि डिस्ट्रिब्युटरकडे (स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणी चढवणारी सेवा) गाणी तीन-चार आठवडे आधीच द्या.

पण तुमचा खरा श्रोता देवळाच्या मंडपात आहे. म्हार्दोळ, मंगेशीकडे कार्यक्रम मिळाला तर नवं भजन तिथं गाच. क्यूआर कोडचा फलक चपला काढतात तिथं लावा, माणूस तिथं थांबतोच. देवस्थान समितीला आधी विचारा, हे महत्त्वाचं.

व्हॉट्सॲपवर लिंकच पाठवा. फाइल फिरली की रॉयल्टी गेली.