रडार, जीपीएस सगळं असताना जहाजांचे अपघात का होतात? ८० टक्के चूक माणसाचीच असते हे खरं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा मर्चंट नेव्हीत चाललाय, आणि ८० टक्के अपघात मानवी चुकीने होतात असं सगळीकडे वाचून धास्ती वाटते, मग एवढ्या मशिनरीचा उपयोग काय. मी बरीच वर्षं डेक ऑफिसर म्हणून जहाजावर होतो, आता नेरूळला राहतो आणि बेलापूरच्या एका ऑफिसात सेफ्टीचंच काम बघतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

शेवटचा हात कुणाचा तरी असतोच हो. पण तो माणूस त्या अवस्थेत तिथे कसा आला हे विचारल्याशिवाय काही कळत नाही. ६ मार्च १९८७ ला हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज नावाची फेरी बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून पुढचा दरवाजा उघडा ठेवूनच निघाली, पाणी आत शिरलं, काही मिनिटांत आडवी झाली, १९३ माणसं गेली. दरवाजा बंद करणारा झोपला होता, म्हणजे चूक त्याची, विषय संपला? पण दरवाजा लागला की नाही हे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, कळायला साधा दिवा नव्हता, आणि तो बसवा असं कॅप्टन लोकांनी आधीच ऑफिसला सांगितलेलं, ऑफिसने उडवून लावलं. शिवाय वेळेत सुटायची घाई, ज्या ऑफिसरने दरवाजा बघायचा त्यालाच निघताना ब्रिजवरही हजर राहायचं. या अपघातानंतरच आयएसएम कोड, म्हणजे जहाज सुरक्षित चालवण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली, आला, १९९८ पासून सक्तीचा झाला, म्हणजे कंपनीलाही जबाबदार धरायची सोय झाली.

आता खरा दुखरा भाग, झोप. नियम असा की २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७, आणि ते १० तास दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडायचे नाहीत, एक तुकडा सलग ६ तासांचा हवा. कागदावर छान आहे. पण छोट्या जहाजावर वॉचला, म्हणजे जहाज सांभाळायच्या पाळीला, कॅप्टन आणि एकच मेट (त्याच्या हाताखालचा ऑफिसर) असतो, सहा तास हा सहा तास तो, आणि बंदरात लागलं की कार्गो, बंकर म्हणजे इंधन, स्टोअर्स, इन्स्पेक्शन सगळं एकाच दिवशी येतं, मग रात्री पायलट, म्हणजे बंदरात वाट दाखवणारा तिथला जाणकार, आला की परत उभं राहायचं. विश्रांतीचे तास आता सॉफ्टवेअरमध्ये भरतात, नियम मोडला की लाल दिसतं, आणि मग माणसं हिरवं होईपर्यंत तास इकडचे तिकडे करतात. का करतात? कारण खरं भरलं की ऑफिसमधून मेल येतो, व्हायोलेशन का झालं खुलासा द्या. मी पूर्वी ज्या एका कंपनीत होतो तिथे असे मेल नेमाने यायचे, जास्तीचा ऑफिसर मात्र कधी आला नाही. मला या गोष्टीचा अजून संताप येतो, कारण त्या खोट्या हिरव्या फॉर्मवरून मग सगळे म्हणतात मॅनिंग, म्हणजे जहाजावरची माणसं, पुरेसं आहे.

मशीनचं म्हणाल तर, २०१३ मध्ये ओव्हिट नावाचा टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत उथळ वाळूवर चढला. इलेक्ट्रॉनिक चार्टवर आखलेला रूटच त्या वाळूवरून जात होता, कॅप्टनने तो तपासला नव्हता, सेटिंग चुकीचं, अलार्मचा आवाज येत नव्हता, आणि जहाज टेकलंय हे वॉचवरच्या ऑफिसरला कळायला १९ मिनिटं गेली. नशीब, कुणाला इजा झाली नाही. आणि अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा पूल पाडणारं डाली जहाज आठवत असेल, मार्च २०२४, क्रू बहुतेक आपलेच भारतीय. तपासात निघालं की एका वायरवरचं लेबल अशा जागी बसवलेलं की वायर टर्मिनलमध्ये पूर्ण आत जात नव्हती, ती सुटली आणि जहाजाची लाइट गेली. पुलावर काम करणारे सहा जण गेले, पण पायलटने लगेच रेडिओवर कळवलं आणि पोलिसांनी ट्रॅफिक अडवला म्हणून गाड्या वाचल्या. हेही माणसांनीच केलं, पण वाचवलेल्यांची टक्केवारी कोणी काढत नाही.

आपल्याकडे १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले. धडक दुसऱ्याने दिली हे खरं, पण लाँचवर परवानगीपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेट बऱ्याच जणांच्या अंगावर नव्हती. मोऱ्याला किंवा मांडव्याला जाताना आपण तरी कधी जॅकेट मागतो?

मुलाला घाबरवू नका, पण जॉइन करण्याआधी एजंटला विचारायला सांगा की जहाजावर वॉचला ऑफिसर किती आहेत. बंद टाकीत कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तर आत उडी मारायची नाही, आधी अलार्म, मग ब्रीदिंग सेट, कारण अशा ठिकाणी वाचवायला गेलेलेच दुसरे तिसरे मरतात, हे त्याच्या मनावर ठसवा. आणि डीपीए म्हणजे ऑफिसातला सेफ्टीसाठी नेमलेला माणूस, त्याचा नंबर जहाजावर लावलेला असतो, तो पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवू दे. कॅडेटलाही, म्हणजे शिकाऊ मुलालाही, त्याला थेट फोन करता येतो, कॅप्टनची परवानगी लागत नाही.