घास नेमका किती वेळा चावायचा?

जेवलं की पोट फुगतं, ढेकरा थांबत नाहीत, तपासण्यांत मात्र काही निघत नाही. अशी माणसं डॉक्टरांकडून माझ्याकडे येतात आणि पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम, घास नेमका किती वेळा चावायचा?" कुणी ३२ ऐकलेलं असतं, कुणी ४०. मी आकडा देत नाही. मोजणाऱ्याचं सगळं लक्ष मोजण्यात जातं आणि चार दिवसांत तो कंटाळतो.

आबांचंही तेच झालं होतं. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) मूळ अमळनेरकडचे, भुसावळला रेल्वेत इंजिनचालक होते, आता निवृत्त. एंडोस्कोपीसुद्धा झालेली. "मी तव्यावरची दुसरी भाकरी आणेपर्यंत यांचं ताट रिकामं," काकू म्हणाल्या. दाढा पडल्यामुळे चावणं टाळतात का, हे मी आधी विचारून घेते. इथे तसं नव्हतं. दात धड होते.

सुरुवातीच्या भेटी झोप, चहा, तिखट यांत गेल्या. मग मी म्हटलं, "आबा, पुढच्या वेळी डबा घेऊन या. इथेच जेवा."

आले. खुर्चीच्या अगदी काठावर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून डब्याशेजारी ठेवलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दाळीत पार कुस्करली, म्हणजे चावायचा प्रश्नच मिटला. एक घास तोंडात, दुसरा बोटांत तयार, मधूनमधून पाण्याचे घोट. मी काही बोलले नाही. डबा संपत आल्यावर विचारलं, "आबा, कुठे जायचंय?"

"कुठे नाही."

"मग घड्याळ कशाला?"

हात थांबला. घड्याळाकडे पाहत ते हसले आणि आपल्या बोलीत म्हणाले, "गाडी सुटी जाई ना!"

मग बराच वेळ ते बोलत राहिले: सिग्नलकडे डोळा ठेवून खाल्लेले डबे, अर्धवट झाकलेले डबे. या एका वाक्यासाठी मी आधीच्या भेटी खर्ची घातल्या होत्या, असं म्हटलं तरी चालेल. माझा अनुभव असा की भराभर गिळणाऱ्याच्या पाठीमागे बहुधा कुणीतरी उभं असतं: गाडी, गिऱ्हाईक, तान्हं मूल, नाहीतर ताटावर बसणारी पुढची पंगत. ते निघून गेलं तरी शरीराला खबर लागत नाही.

धास्तीत लाळ आटते आणि पचनाचं काम मागे पडतं. पावलॉव म्हटलं की आपल्याला घंटा आणि कुत्रा आठवतो, पण त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. अन्न जठरात पोचण्याआधीच, नुसतं तोंडात आल्यावर, जठररस सुटू लागतो हे त्याने दाखवलं. ज्वारीतल्या पिष्टाचं पचन लाळेपासूनच सुरू होतं. जठराला दात नाहीत. एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेलं अन्नच ते सहसा पुढे सोडतं, म्हणून मोठे तुकडे तिथे रेंगाळतात आणि पोट जड वाटतं. घाईने गिळताना हवाही पोटात जाते, तीच ढेकरांतून परत येते. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. तोवर आबांचं जेवण कधीच उरकलेलं असायचं.

म्हणून मी चावण्याआधी बसण्याकडे बघते. आबांना सांगितलं ते इतकंच: घड्याळ आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाठ टेकून बसा, ताट समोर आल्यावर थोडं थांबा, वास घ्या. भाकरी कुस्करू नका, तोडून भाजीला लावून खा. तोंडातला घास गिळल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका. पहिले चार-पाच घास एवढं सांभाळा, पुढचं सोडून द्या. काकूंनाही सोबतच ताट घ्यायला लावलं. त्यांना आधी ते अवघड वाटलं, पण त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

वजन उतरत असेल, घास अडकत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा उलट्या होत असतील तर असले प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. पन्नाशी-साठीत नव्याने सुरू झालेली तक्रारही आधी तिथेच दाखवायची.

दीड-दोन महिन्यांत आबांच्या ढेकरा बऱ्याच उतरल्या. तर्रीदार शेवभाजी मात्र अजून बाधते. ती कितीही चावली तरी बाधणारच, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांना ते मान्य नाही.