क्षार नक्की कोणाचा?

दापोलीच्या एका आईने विचारलंय: मुलाच्या मराठी पुस्तकात ‘आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी’ असं आहे, आणि मोबाईलवरच्या हिंदी धड्यात मात्र आम्लासमोर उभा राहतो तोच क्षार. मग क्षार म्हणजे सॉल्ट की बेस?

मराठी शाळेत सॉल्ट. परीक्षेत तेच लिहायचं. हिंदीवाले बेसला क्षार आणि सॉल्टला लवण म्हणतात, ते त्यांच्यापाशी. माझं डोकं उठतं ते पाण्याच्या फिल्टरच्या जाहिरातींनी. पहिल्या ओळीत ‘पाण्यातले क्षार घालवा’, दुसरीत ‘क्षारीय पाणी प्या’. घालवू की पिऊ? पहिली ओळ मराठी, दुसरी हिंदीतून उचललेली.

पण मुळात क्षार राखेचा, हे हिंदीवाल्यांना द्यावंच लागेल. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताची, डाग द्यायला लागणाऱ्या क्षाराची कृती बघा: वनस्पती जाळायच्या, राख सहापट पाण्यात कालवायची, २१ वेळा गाळायची. क्षार हा शब्द ‘क्षर्’वरून, म्हणजे पाझरणं. जुने टीकाकार याचा अर्थ ‘सडकं मांस गाळून पाडणारा’ असा लावतात. त्यांनी फडक्यातून ठिबकणारं राखेचं पाणी कधी पाहिलं नसावं! अरबीतला ‘अल्-कली’सुद्धा भाजलेली राखच. आपल्या ‘अल्क धातूं’त (सोडियम, पोटॅशियम वगैरे) तर गंमतच झाली: अरबी उपपद ‘अल्’ अख्खं राहिलं आणि नामाचा नुसता ‘क’ उरला.

घरात याच क्षाराचा ‘खार’ झाला आणि सगळीकडे शिरला. पापडखार बेस, लोणच्याचा खार आंबट, खारभूमीतला खार मिठाचा. कोकमाच्या आगळात पापडखाराची चिमूट टाका. फसफसून वर येतं आणि तांबडा रंग काळपट-जांभळा होतो. लिटमसची पट्टी शोधत रत्नागिरीला जायला नको. (मीठ मात्र आगळात आधीच असतं, ते रंगाला हात लावत नाही.)

‘आम्लारी’ हा आम्लाचा अरी, शत्रू. शब्द छान, पण सुश्रुताने या वैराचा शेवट सांगितलाय. क्षाराने जास्त जळलं तर वर आम्ल घाला, क्षाराचा तिखटपणा जाऊन तो मधुर होतो. मधुर! आणि आपण शिरोड्याच्या मिठागरातून आणतो त्याला म्हणतो काय? मीठ. मिष्टापासून. गुजरातीत ‘मीठुं’ म्हणजे मीठही आणि गोडही. उदासिनीकरणाची, म्हणजे आम्ल-आम्लारी एकमेकांना शमवतात ती अख्खी अभिक्रिया आपल्या डब्यावरच्या नावात आहे, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतोय.

कोशवाले इथे मिष्टाच्याही मागे जाऊन ‘मृष्ट’ दाखवतात. मृष्ट म्हणजे घासूनपुसून लख्ख केलेलं. ते काम मिठाचं नव्हे हो, राखेचं.